स्लो कुकरमधलं ख्रिसमस पुडिंग फिकं आणि ओलं का राहतं, आणि ते कसं टाळायचं

पुडिंग दिवसभर शिजवलं, ताटलीत उलटं केलं, आणि रंग काळपट असायच्या ऐवजी फिका तपकिरी, वरचा थर ओला नि चिकट. स्लो कुकरमध्ये, म्हणजे मंद आचेवर तासन्तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात, ख्रिसमस पुडिंग (सुक्या फळांचं वाफवलेलं ब्रिटिश पक्वान्न) करणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा हीच असते आणि दोष साहित्यावर ढकलला जातो. साहित्याचा त्यात फारसा हात नसतो. एक तर पाणी पुरेसं तापलेलं नसतं, नाही तर पुडिंगमध्ये पाणी शिरलेलं असतं. खालच्या बऱ्याचशा सूचना या दोनच गोष्टींसाठी आहेत.

मोदकपात्रात खालचं पाणी खळखळतं आणि वाफ जोरात वर येते. स्लो कुकरमध्ये तसं होत नाही. इथे शिजवण्याचं काम भांड्याभोवतीचं गरम पाणी करतं. वाफ झाकणाखाली साचते, तिचं पाणी होतं आणि ते पुडिंगच्या डोक्यावर टपटपत राहतं. त्यामुळे गॅसवर चालणाऱ्या काही सवयी इथे चालत नाहीत.

ब्रिटनमध्ये पुडिंग करायचा ठरलेला दिवस म्हणजे अ‍ॅडव्हेंट (नाताळाआधीच्या चार रविवारांचा काळ) सुरू व्हायच्या आधीचा रविवार. तो २० ते २६ नोव्हेंबरच्या दरम्यान येतो. त्या हिशेबाने शनिवारी रात्री फळं भिजवा, रविवारी सकाळी शिजत लावा. पुण्या-मुंबईत करणार असाल तर एवढी घाई नको. डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात केलं तरी चालतं, कारण आपल्या हवेत ते बाहेर मुरवत ठेवायचं नसतंच.

## १. भांडं कुकरमध्ये बसतं का, ते आधी बघा

हे काम साहित्य विकत आणण्याआधीचं आहे. प्रमाण १.२ लिटरच्या, म्हणजे ब्रिटिश दुकानांत २ पाइंट म्हणून मिळणाऱ्या पुडिंगच्या भांड्याचं दिलं आहे. ते वर साधारण १६-१७ सेमी रुंद आणि १०-११ सेमी उंच असतं. भारतात असं भांडं मिळालं नाही तर तेवढाच, खाली थोडा निमुळता स्टीलचा डबा घ्या. उभ्या सरळ डब्यातून पुडिंग अख्खं निघत नाही असं नाही, पण तळाला बटर पेपरची चकती आणि बाजूला पट्टी लावावी लागते.

भांडं पाण्याने काठोकाठ भरा. कुकरच्या मातीच्या भांड्यात एक छोटी बशी उलटी घाला, तिच्यावर हे भांडं ठेवा आणि झाकण लावा. झाकण काठावर सपाट बसलं पाहिजे आणि भांड्याच्या माथ्यापासून ते निदान एक सेंटिमीटर वर हवं, कारण नंतर कागद, फॉइल आणि दोऱ्याची मूठ यांची उंची वाढणार आहे. बसत नसेल तर बशी काढून फॉइलची जाड वळकटी करून तळाशी घाला. तरीही झाकण उचललं जात असेल तर मिश्रण अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या दोन भांड्यांत विभागा. फटीवर फॉइल गुंडाळून वेळ मारून नेऊ नका. त्या फटीतून दहा तास उष्णता जात राहते.

याच वेळी कुकरच्या बाहेरचं भांडं आणि पुडिंगचं भांडं यांत चारही बाजूंनी बोटभर जागा उरते का तेही बघा. एका बाजूला टेकलेलं पुडिंग त्या बाजूला जास्त शिजतं.

तपासून घ्या: तुमचा कुकर साधा बटणाचा आहे की डिजिटल? बरेच डिजिटल कुकर ठरावीक तासांनी आपोआप ‘वॉर्म’वर जातात. वीज जाऊन आली तर अनेक डिजिटल कुकर पुन्हा सुरूच होत नाहीत. साधा बटणाचा मात्र होतो. जिथे वीज जाते तिथे हा फरक महत्त्वाचा आहे. अमेरिकेतून आणलेला कुकर ११०-१२० व्होल्टचा असतो, तो भारतात किंवा ब्रिटनमध्ये थेट लावू नका.

प्रेशर कुकरवजा बहुउद्देशी भांड्यातलं ‘स्लो कुक’ बटण या कामाला बहुधा कमी पडतं. त्यांना उष्णता फक्त तळातून मिळते. तसं यंत्र असेल तर त्यातला वाफेचा किंवा प्रेशरचा पर्याय वापरा; त्याची वेळ वेगळी आणि कृतीही वेगळी.

## २. साहित्य आणि बदली साहित्य

एका १.२ लिटरच्या भांड्यासाठी, आठ जणांना पुरेल इतकं:

- काळ्या मनुका, सुलताना (फिके बेदाणे) आणि करंट (अगदी बारीक काळी सुकी द्राक्षं), प्रत्येकी १२० ग्रॅम
- साखरेत मुरवलेली संत्र्या-लिंबाची साल, ३५ ग्रॅम
- बदाम, जाडसर चिरून, ३० ग्रॅम
- आंबटसर सफरचंद, किसून, १०० ग्रॅम
- ब्रँडी किंवा रम ५० मिली, काळी स्टाउट बिअर ८० मिली
- गडद मस्कोव्हाडो (काकवी न काढलेली) साखर, १३० ग्रॅम
- ट्रीकल (साखरेचा घट्ट काळा पाक), १ मोठा चमचा
- सुएट, ९० ग्रॅम
- पांढऱ्या ब्रेडचा घरी केलेला चुरा, १०० ग्रॅम
- मैदा ६० ग्रॅम, बेकिंग पावडर पाव चहाचा चमचा
- मध्यम अंडी, २
- एका संत्र्याची आणि एका पिवळ्या लिंबाची किसलेली साल
- मिक्स्ड स्पाइस दीड चहाचा चमचा, थोडं जायफळ, चिमूटभर मीठ

सुएट म्हणजे गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी. पाकिटावर नुसतं ‘सुएट’ असेल तर ते बहुधा बीफचं असतं. नको असेल तर ‘व्हेजिटेबल सुएट’ असं स्पष्ट लिहिलेलं घ्या. दोन्ही प्रकारांत दाणे चिकटू नयेत म्हणून बहुधा गव्हाचं पीठ घातलेलं असतं. ग्लूटेन न चालणाऱ्यांनी पाकीट वाचूनच घ्यावं. भारतात दोन्ही सहज मिळत नाही. तिथे बिनमिठाचं लोणी फ्रीझरमध्ये दगडासारखं कडक करून मोठ्या भोकाच्या किसणीवर किसा आणि लगेच मैद्यात घोळवून परत फ्रीझरमध्ये ठेवा. बीफ सुएट ४५ ते ५० °से.च्या आसपास वितळतं, लोणी ३५ च्या आतच. सुएट उशिरा वितळतं आणि जाताना बारीक जाळी ठेवून जातं, म्हणून लोण्याचं पुडिंग थोडं घट्ट होतं. चवीला ते कुठेही कमी नाही.

काळ्या मनुकांबद्दल एक इशारा. आपल्याकडच्या किराणा दुकानातल्या काळ्या मनुका बहुतेक वेळा बियांच्या असतात. बिया काढा, नाही तर बिनबियांच्या मागून घ्या. शिजून बिया मऊ होत नाहीत. सुलतानाच्या जागी सांगली-तासगावचे बेदाणे उत्तम. करंट नाहीच मिळाले तर बारीक चिरलेल्या काळ्या खजुराने भर काढा. टुटी-फ्रुटी मात्र घालू नका. ती पपई असते, तिला रंग आणि गोडी सोडून काही नसतं आणि दहा तासांत रंगही उतरतो. संत्र्याची साल तीन पाण्यांत उकळून, पाकात शिजवून घरी करणं सोपं काम आहे आणि चवीत फरक पडतो तो तिथेच.

ट्रीकलऐवजी गडद काकवी चालते. ती कमी कडू असते इतकंच. मस्कोव्हाडोऐवजी काळपट, रसायनविरहित गूळ किसून घेतला तर बिअर २० मिलीने कमी करा, कारण गुळात ओलावा असतो. डेमेरारा साखरेने रंग येत नाही.

मिक्स्ड स्पाइस म्हणजे गरम मसाला नव्हे. मिरी, जिरं, तमालपत्र आलं की पुडिंग बिघडलं. घरी करायचं तर एक चहाचा चमचा दालचिनी पूड, पाव चमचा जायफळ, पाव चमचा सुंठ, दोन लवंगा कुटून आणि दोन चिमटी धणेपूड. धणे बघून दचकू नका, ब्रिटिश मिश्रणातही ते असतात.

इथे चुकतं: ब्रेडचा चुरा पाकिटातला, कोरडा भाजलेला वापरला जातो. तो दुप्पट ओलावा पितो आणि पुडिंग कोरडं, भुसभुशीत होतं. दोन दिवसांचा शिळा पांढरा ब्रेड, कडा काढून, मिक्सरमध्ये दोन झटके.

## ३. फळं भिजवणं

आदल्या रात्री तिन्ही सुकी फळं, साल, ब्रँडी आणि बिअर एकत्र करून झाकून ठेवा. बारा तास पुरतात. सकाळी तळाशी मद्य उरलेलं दिसलं तर ओतून देऊ नका, ते मिश्रणातच जाणार आहे.

मद्य नको असेल तर ८० मिली संत्र्याचा रस आणि ५० मिली कडक कोरा चहा. मात्र असं पुडिंग टिकाऊ नसतं. त्याचं पुढे साठवणीत सांगितलं आहे.

न भिजवता घातलेली फळं शिजताना आजूबाजूच्या चुऱ्यातलं पाणी ओढतात. कापताना काप फुटतो तो यामुळे.

## ४. मिश्रण

मोठ्या पातेल्यात सगळं कोरडं साहित्य आणि सुएट एकत्र करा. मग बदाम, सफरचंद, किसलेली साल, भिजलेली फळं. शेवटी अंडी आणि ट्रीकल फेटून ओता. चमच्याने तळापासून उलटत ढवळा, कोरडा मैदा कुठे दिसता कामा नये.

घट्टपणा कसा ओळखायचा? मोठा चमचाभर मिश्रण उचलून चमचा तिरका करा आणि पातेल्याच्या काठावर एकदा हलकेच आपटा. गोळा जड होऊन सुटून पडला पाहिजे. आपटूनही चिकटून राहिला तर एक-दोन चमचे बिअर किंवा दूध. आपटायच्या आधीच ओघळला तर मूठभर ब्रेडचा चुरा घालून दहा मिनिटं थांबा, चुरा फुगला की पुन्हा बघा. लगेच आणखी चुरा टाकत सुटू नका.

एकदा अंडी आणि बेकिंग पावडर पडली की मिश्रण रात्रभर ठेवू नका. तासाभरात कुकरमध्ये गेलं पाहिजे.

## ५. भरणं आणि बांधणं

सगळ्यात जास्त पुडिंगं इथे बिघडतात, म्हणून जरा सावकाश.

भांड्याला आतून लोणी लावा, तळाला बटर पेपरची चकती घाला. मिश्रण चमच्याने दाबत भरा; मध्ये हवा राहिली तर बाहेर काढल्यावर खळगे दिसतात. वर साधारण दीड सेंटिमीटर जागा सोडा. उरलेलं मिश्रण एखाद्या वाटीत घालून वेगळं शिजवा, पण काठोकाठ भरू नका. माथा सपाट करून त्यावर थेट टेकेल अशी बटर पेपरची आणखी एक चकती ठेवा.

आता झाकण. बटर पेपरचा चौकोन घ्या, भांड्याच्या तोंडापेक्षा चहूबाजूंनी ५-६ सेमी मोठा. त्यावर तेवढीच फॉइल. दोन्ही एकत्र धरून मधोमध ३ सेमीची एक चुणी घाला. पुडिंग फुगेल तेव्हा ती उघडते. चुणी नसेल तर कागद ताणून फाटतो. भांड्यावर ठेवून कडा खाली दाबा, काठाच्या खालच्या खाचेत सुती दोरा दोनदा गुंडाळून घट्ट गाठ मारा. नायलॉनचा दोरा नको, ओला झाल्यावर सैल पडतो. त्याच दोऱ्याने माथ्यावरून आडवी मूठ बांधा, नाही तर दहा तासांनी उकळत्या पाण्यातून भांडं काढायचं कसं?

मग कात्री घ्या. दोऱ्याखाली लोंबणारा कागद आणि फॉइल २-३ सेमी ठेवून बाकी कापा. नंतर फॉइलची कड आतल्या कागदावरून वर दुमडून कागद पूर्ण गुंडाळून टाका. ही एक दुमड बहुतेक जण विसरतात. कागदाची कड पाण्याला लागली की ती वातीसारखं पाणी वर ओढते, दोऱ्याखालून थेट पुडिंगच्या कडेपर्यंत. फॉइल वरून अगदी नीट दिसते आणि आत कडेकडेने लगदा झालेला असतो.

माथ्यावर फॉइल खोलगट बसू देऊ नका. झाकणावरून टपकणारं पाणी त्या खळग्यात साचतं आणि चुणीतून आत झिरपतं. बोटांनी मधोमध किंचित उंचवटा करा.

प्लास्टिकच्या, झाकण खटकन बसणाऱ्या भांड्यात करत असाल तरी आत बटर पेपर आणि वरून फॉइल हवीच. ते झाकण वाफ अडवतं, टपकणारं पाणी अडवतंच असं नाही.

## ६. शिजवणं

१. कुकर रिकामाच ‘हाय’वर ठेवू नका. मातीच्या भांड्यात नळाचं गरम पाणी घालून, झाकण लावून वीस मिनिटं ‘हाय’वर तापू द्या. थंडगार भांड्यात एकदम उकळतं पाणी ओतलं तर ते तडकू शकतं.

२. ते पाणी काढा. बशी उलटी ठेवा, वर पुडिंग ठेवा.

३. किटलीतलं उकळतं पाणी बाजूने ओता, पुडिंगच्या डोक्यावरून नव्हे. पातळी भांड्याच्या अर्ध्यापेक्षा थोडी वर, पण फॉइलच्या कडेपासून निदान २ सेमी खाली. गॅसवर अर्ध्याच्या खाली पाणी चालतं कारण वाफ जोरात असते. इथे पाणी जेवढं वर तेवढी उष्णता वर पोचते.

४. झाकण लावा, ‘हाय’वर १० तास. अर्ध्या लिटरच्या दोन लहान भांड्यांना ७ तास.

‘लो’वर रात्रभर ठेवायचा मोह आवरा. दोन्ही बटणांवर पाणी शेवटी बरंच तापतं हे खरं, पण ‘लो’वर तिथे पोचायला कितीतरी तास जातात. तेवढा वेळ अंडी घातलेलं मिश्रण कोमट राहतं. ते खाण्याच्या दृष्टीने असुरक्षित, आणि रंगही चढत नाही. पुडिंगचा काळा रंग साखर आणि प्रथिनं यांच्या दीर्घ, गरम संयोगातून येतो. तापमान थोडं कमी पडलं तर तोच रंग यायला वेळ फार जास्त लागतो.

पहिले पाच तास झाकण उघडू नका. एकदा उघडलं की गेलेली उष्णता भरून यायला वीस-तीस मिनिटं लागतात. काचेच्या झाकणातून काठाशी बारीक बुडबुडे दिसत असतील तर सगळं ठीक चाललं आहे. पाच तासांनी एकदाच बघा. नीट बसलेल्या झाकणाखाली पाणी फारसं आटत नाही. आटलंच असेल तर उकळतं पाणी घाला. नळाचं थंड पाणी घातलं तर तापमान तर उतरतंच, मातीचं भांडंही जाऊ शकतं.

तपासून घ्या: स्वयंपाकघरातला थर्मामीटर असेल तर तीन तासांनी पाण्याचं तापमान ९० °से.च्या वर हवं. तुमचा कुकर तिथे पोचत नसेल तर नुसते तास वाढवत बसू नका, हेच बांधलेलं भांडं गॅसवर मोठ्या पातेल्यात शिजवा.

सकाळी आठला लावा, संध्याकाळी सहाला काढा. हे कुकर साधारण २०० ते ३०० वॉटचे असतात, त्यामुळे दहा तासांत फार तर तीन युनिट जातात. मधे अर्ध्या तासापेक्षा जास्त वीज गेली तर बांधलेलं भांडं तसंच उचलून गॅसवर उकळत्या पाण्यात ठेवा. कुकर थंड होऊ देत वाट पाहू नका.

## ७. शिजलं का?

सुरी खुपसून कळत नाही, फळांमुळे ती कायम चिकटच निघते. फॉइलची एक बाजू उचलून बघा. माथा गडद असावा, बोटाने दाबल्यावर घट्ट लागावा आणि कच्च्या पिठाचा वास अजिबात नसावा. थर्मामीटर मध्यभागी ९० च्या वर गेला पाहिजे.

रंग फिका वाटला? फॉइल परत बांधा, आणखी ३ तास ठेवा. ख्रिसमस पुडिंग जास्त शिजून बिघडत नाही, हा त्याचा मोठा गुण. नाताळच्या दिवशीच्या तापवण्यातही रंग थोडा चढतो.

माथ्यावर पाणी साचलं असेल तर टिपकागदाने टिपा, वरचा अर्धा सेंटिमीटर लगदा चमच्याने काढून टाका आणि उघडंच तासभर वाफ जाऊ द्या. खालचं पुडिंग बहुधा शाबूत असतं.

## ८. थंड करून ठेवणं

पूर्ण थंड होऊ द्या. मग जुना कागद, चकती, फॉइल, दोरा सगळं काढून टाका. हे पुन्हा वापरायचं नसतं. ओल्या कागदावरच बुरशी धरते. भांड्याच्या कडा कोरड्या पुसा, माथ्यावर एक चमचा ब्रँडी शिंपडा, नवा कागद आणि नवी फॉइल बांधा.

ब्रिटनमधल्या थंड, कोरड्या, अंधाऱ्या कपाटात मद्य घातलेलं पुडिंग दोन-तीन महिने राहतं. हीटिंगच्या पाइपाशेजारचं कपाट मात्र नको. मुंबई, कोकण, गोवा इथे दमट हवेत ते बाहेर ठेवूच नका, थेट फ्रीजमध्ये. मद्य नसलेलं पुडिंग कुठेही असलात तरी फ्रीजमध्ये, आणि दोन आठवड्यांपेक्षा जास्त ठेवायचं असेल तर फ्रीझरमध्ये. हाच नियम लोणी वापरलेल्यालाही लावलेला बरा.

## ९. नाताळच्या दिवशी

दुपारी दोनला जेवण असेल तर फ्रीजमधलं पुडिंग सकाळी आठलाच बाहेर काढून ठेवा. गारठलेलं चिनी मातीचं भांडं उकळत्या पाण्यात ठेवलं तर तडकतं. साडेनऊ-दहाला, वरच्यासारखंच तापवलेल्या कुकरमध्ये उकळत्या पाण्यात, ‘हाय’वर ४ तास. जेवण लांबलं तर ‘लो’वर करून ठेवा, तासभर काही होत नाही. स्लो कुकरचा खरा फायदा या दिवशी कळतो. गॅसच्या सगळ्या शेगड्या भरलेल्या असतात आणि पुडिंग कोपऱ्यात आपलं आपण तापत असतं.

मायक्रोवेव्हमध्ये तापवणार असाल तर फॉइल काढा. ब्रिटिश प्रथेप्रमाणे आत शकुनाचं नाणं घातलं असेल तर मायक्रोवेव्ह नकोच. नाणं शिजवण्यापेक्षा वाढताना एखाद्या कापाखाली सरकवणं जास्त शहाणपणाचं, आणि लहान मुलांना आधी सांगून ठेवा.

बाहेर काढल्यावर पाच मिनिटं थांबा. पातळ सुरी कडेने एकदाच फिरवा, काठ असलेली ताटली वर ठेवून उलटं करा. अडलं तर ठोकू नका, गरम फडकं भांड्याच्या तळावर मिनिटभर धरा.

पेटवायचं असेल तर ३ मोठे चमचे ब्रँडी लहान पळीत मंद आचेवर नुसती कोमट करा. थंड ब्रँडी पेट घेत नाही आणि उकळू दिली तर अल्कोहोल उडून जातं. ताटली टेबलावर ठेवून, लांब काडीने पळीतली ब्रँडी पेटवून मग ओता. बाटलीतून थेट कधीही ओतू नका, ज्वाळा बाटलीत शिरू शकते. हॉलीची (नाताळच्या सजावटीतल्या काटेरी पानांच्या झुडपाची) डहाळी ज्वाळा विझल्यावर लावा, देठाला फॉइल गुंडाळून. तिची लाल फळं विषारी असतात, ती ताटात पडू देऊ नका.

उरलेलं पुडिंग झाकून फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी बोटभर जाडीचे काप करून, तव्यावर थोड्या लोण्यात दोन्ही बाजूंनी कडा कुरकुरीत होईपर्यंत परता. आच मध्यम ठेवा, साखर जास्त असल्याने काप पटकन करपतात.